बेर्ताची लेफ्सा आणि गावाचा शुक्रवार

२ जानेवारी, गुरुवार

या वर्षी एक तर बेर्ता बेकरी तरेल, नाहीतर मी तिच्या धुराड्यावर चढून बसेन आणि कुणाला ती बंद करू देणार नाही. हलवार्डला हे सांगितलं तर तो म्हणाला, धुराडं तुझं वजन पेलणार नाही. आमच्या संसारात नवऱ्याने मला दिलेला हा सर्वांत लांबलचक सल्ला असावा.

हलवार्ड बेकरीची गाडी चालवतो आणि हिशेबही तोच बघतो, त्यामुळे वाईट बातमी नेहमी त्याच्याच तोंडून येते. त्याचं म्हणणं, जूनमध्ये सेंट हान्सच्या शेकोट्या पेटतील तोवर एखादं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर आपले तवे कायमचे थंड होतील. त्या तव्यांपुढे सहा बायका उभ्या असतात. त्यांतली गीदामावशी तर मी टोपड्यात होते तेव्हापासून इथे लाटतेय. बेकरीला माझ्या आईचं नाव आहे. उकडलेला बटाटा पिठात मळून लाटलेली ही मऊ पोळी, म्हणजे लेफ्सा, आईने एका तव्यावर विकायला सुरुवात केली. ती मी बंद करायची, हे या जन्मी तरी माझ्याने होणार नाही.

पण ऑक्टोबरात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं आम्ही लोणी, साखर आणि दालचिनी लावून, घडी घालूनच लेफ्सा विकत आलो. लोकांना दोन दिवसांचं लोणी नकोसं झालं असेल. तेव्हा नुसत्याच लेफ्सा द्याव्यात, मोठ्या, गोल, आठांचं पाकीट करून, आणि लोणी-दालचिनी ज्याने त्याने आपापल्या घरी ताजी लावावी. हलवार्ड ‘हं’ म्हणाला. तेव्हापासून खप वाढतोच आहे, आणि तोही सर्वांत जास्त शुक्रवारी. आठवड्याचं काम आटोपून माणसं घरी येतात, कॉफी ठेवतात आणि त्यांना दालचिनी आठवते. मला माझ्या गावाचं कौतुक वाटतं.

१० जानेवारी, शुक्रवार

तोरगेरशी भांडून आले. गावात दुकान एकच, ते तो चालवतो, म्हणून भांडायलाही दुसरं कुणी नाही. माझ्या लेफ्सा त्याने ब्रेडच्या फळीवरून उचलून थेट मक्याच्या चिप्स आणि लाल चटणीच्या बाटल्यांशेजारी नेऊन ठेवल्यात. का, तर म्हणे तिथे जागा होती. ब्रेडच्या फळीवर आज एखादी गाय आडवी झोपली असती, एवढी जागा होती. मी तसं म्हणाले तर तो पावती-यंत्राचा कागद बदलायला लागला. कागद संपलेला नव्हता.

त्याला ठाऊक आहे मला ती फळी का खटकते. शुक्रवार आला की या देशाला काय होतं, देव जाणे. सोमवार ते गुरुवार सरळमार्गी असलेली माणसं शुक्रवारी संध्याकाळी खिम्यात मसाल्याची पुडी ओततात, त्यावर आंबट साय घालतात आणि ते सगळं पातळ परदेशी पोळीत गुंडाळून, टाको म्हणून हातांनी खातात. गेल्या शरदात महिला मंडळात मी यावर चांगलं खरमरीत बोलले. म्हटलं, ज्या गावाला बेर्ताची लेफ्सा आहे त्या गावाने हे सोंग करावं, याची मला लाज वाटते, आणि जो असलं खाईल त्याने माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलू नये. खूप टाळ्या पडल्या. तोरगेरच्या बायकोने तर उभं राहून वाजवल्या.

संध्याकाळी फळी रिकामी झालेली पाहिली आणि राग गेला. चिप्स घ्यायला आलेली माणसं लेफ्सा पाहून शुद्धीवर येत असतील. म्हणजे तोरगेरने नकळत का होईना, पुण्यच केलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

बंद केलेला तिसरा तवा आज पुन्हा पेटवला. पेटवताना मी मोठ्याने गात होते. बायका म्हणाल्या, गाऊ नका, पीठ फसफसेल. या पिठात खमीर नसतं, हे त्यांना माहीत आहे.

एकच काळजी आहे. गीदामावशीची नजर कमी होत चालली आहे. तिच्या लेफ्सा दिवसेंदिवस मोठ्या आणि किंचित जाड होतायत, आणि तिचं बघून बाकीच्याही तशाच लाटतात. आईने ठरवलेला आकार मी भिंतीवर खडूने काढून दाखवला. गीदामावशी म्हणाली, “हो गं, दिसतंय मला,” आणि पुन्हा तशीच लाटली. तिच्यासाठी मी एक चांगला झगझगीत दिवा आणून वर टांगला. आता ती काळा चष्मा लावून लाटते.

आणि हलवार्डच्या पोटाचंही काहीतरी बघायला हवं. दर शुक्रवारी तो आमच्या मुलीकडे, सिनोवेकडे, काहीतरी दुरुस्त करायला जातो. आधी चूल, मग नळ, मग जिना. सिनोवेचं घर नवंकोरं आहे, पण शुक्रवार उजाडला की त्यात काहीतरी मोडतंच. तिथून तो परत येतो तेव्हा मी केलेला कॉड मासा आणि बटाटे तसेच राहतात. म्हणतो, भूक नाही. कष्टाने माणसाची भूक मरते, असं मी सिनोवेला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ खोकत होती. तिलाही डॉक्टरकडे जायला सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ओस्लोहून फोन आला होता. मी हे वाक्य लिहून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा लिहिते: ओस्लोहून फोन आला होता.

देशभर दुकानं असलेल्या एका कंपनीत विबेके नावाची बाई आहे. कुठला माल कुठल्या फळीवर जायचा, हे ती ठरवते. आमच्या फ्योर्डच्या, या खाडीकाठच्या गावातला शुक्रवारचा खप तिच्या नजरेत भरला आहे. ती म्हणाली, “शुक्रवार तुम्ही बरोबर पकडलात.” मी म्हणाले, शुक्रवार पहिल्यापासून आमचाच होता, लोक मधे जरा भरकटले होते. ती खूप हसली. मार्चमध्ये स्वतः येऊन बघणार आहे. तिने माल घेतला तर तिसरा काय, सहा तवे लावावे लागतील.

ही बातमी सांगायला सिनोवेकडे धावत गेले. नात टीरिल सहा वर्षांची आहे, ती टाळ्या पिटत म्हणाली, “आजी, तुझी लेफ्सा सगळ्यात भारी, कारण तिच्यात ना—” आणि सिनोवेने तिच्या तोंडात आख्खा बनपाव कोंबला. मुलांना जेवणाआधी असं खायला घालू नये, म्हणून मी तिला चार शब्द सुनावले.

७ मार्च, शुक्रवार

विबेकेला सांगायला पक्की माहिती हवी, म्हणून तोरगेरला विचारलं की दालचिनीचा खप किती वाढला. तो म्हणाला, वाढला नाही. लोणी? तेही नाही. मी घरी येऊन विचार केला आणि उलगडा झाला. आमची माणसं काटकसरी. घरोघरी कपाटाच्या तळाशी आजीच्या काळातली दालचिनी पडून आहे, ती आधी संपवतायत. ती संपली की तोरगेरची चांदी होणार आहे, हे मी त्याला सांगून ठेवलं. त्याने आभार मानले.

संध्याकाळी शेजारच्या इंगेबोर्गकडे ताजं पाकीट घेऊन गेले. बाई दार उघडून बाहेर आली, दार मागे ओढून घेतलं आणि बर्फात नुसत्या पायमोज्यांवर उभी राहून माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलत राहिली. आतून जिऱ्याचा घमघमाट येत होता. विचारलं तर म्हणाली, पाय दुखतात, त्यावर जिऱ्याचा शेक घेतेय. बिचारी. पाकीट मात्र तिने छातीशी धरलं होतं.

२० मार्च, गुरुवार

उद्या विबेके. बेकरी आरशासारखी लख्ख केली आहे. आईचा फोटो पुसला. विबेकेसाठी अस्सल बेत: कॉफी, ताजं लोणी, साखर, दालचिनी आणि नुकत्याच उतरवलेल्या लेफ्सा. बायकांना ताकीद दिली की विचारलं तर उत्तर द्यायचं, उगाच बडबड करायची नाही. त्या इतक्या गप्प झाल्या की मलाच कसंसं वाटलं. मला झोप येणार नाही, हे आत्ताच सांगते.

२२ मार्च, शनिवार

काल काहीच लिहू शकले नाही. आता लिहिते, आणि पेन दाबून लिहिते.

विबेके दुपारच्या फेरीबोटीने आली. चांगली ठणठणीत, मोठ्याने हसणारी बाई. तिने तवे पाहिले, पीठ दाबून पाहिलं, लेफ्सा दोन्ही हातांनी ताणून पाहिली. दालचिनीची लेफ्सा खाल्ली आणि म्हणाली, छान, लहानपण आठवलं. मग आम्ही धक्क्यावर गेलो तर वादळ उठलेलं आणि संध्याकाळच्या फेऱ्या रद्द. धक्क्याला लागूनच सिनोवेचं घर. म्हटलं, चला, माझ्या मुलीकडे कॉफी घेऊ, नवराही तिथेच जिना दुरुस्त करतोय. आणि न ठोठावता आत शिरले, आईने मुलीकडे काय ठोठावायचं.

टेबलाभोवती सगळे होते. मधोमध वाफाळता खिमा, टोमॅटो, काकडी, किसलेलं चीज, आंबट साय. आणि माझ्या लेफ्सा. एकेकाच्या हातात गुंडाळी. हलवार्डच्या मिशीवर साय, इंगेबोर्ग तिच्या दुखऱ्या पायांवर टुणकन उभी राहिलेली, आणि सिनोवेने हातातला चमचा पाठीमागे लपवला, जसा काही चमचाच गुन्हेगार. आमच्याकडे अशा वेळी कुणी बोलत नाही, वाट बघतात की वेळ आपोआप निघून जाईल.

टीरिल तेवढी खुशीत म्हणाली, “आजी, तू पण आलीस? मग आता सांगायचं का?”

विबेकेला यातलं काही कळलं नाही. ती कोट काढून बसलीसुद्धा. तिने लेफ्सा घेतली, मनसोक्त भरली, गुंडाळली, खाल्ली. दुसरी घेतली. मग ती हातात धरून उजेडात फिरवत म्हणाली, “ही फाटत नाही.”

“काय?” मी म्हणाले.

“बाकीच्या सगळ्या दुसऱ्या घासाला फाटतात आणि रस कोपरापर्यंत जातो. मी गेली कित्येक वर्षं न फाटणारी शोधतेय. काय घालता तुम्ही?”

“बटाटा,” मी म्हणाले.

तिने तिथल्या तिथे सांगितलं. सगळ्या देशात घेणार, शुक्रवारच्या फळीवर, चिप्सशेजारी. पाकिटावर ‘बेर्ताची टाको-लेफ्सा’ आणि आईचा फोटो. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा, नंतर ती दुसऱ्या कुणाकडे जाईल. आज सकाळी पहिल्या फेरीने ती गेली. मी तिला नाही म्हणणार आहे. हलवार्डशी बोलत नाही. तोही माझ्याशी बोलत नाहीये, पण त्याचं ते नेहमीचंच आहे, त्यामुळे माझ्या अबोल्याचा काही उपयोग होत नाही.

२४ मार्च, सोमवार

दुकानात गेले तर तोरगेर जमिनीवर बसून सर्वांत खालच्या फळीवरचे डबे मोजत होता. मी वरूनच विचारलं, “कधीपासून?” डब्यांकडे बघत तो म्हणाला, “ऑक्टोबरपासून. पहिल्याच शुक्रवारी.” म्हटलं, कोण कोण? तो म्हणाला, “तुम्ही सोडून सगळे.” पाद्रीसुद्धा. माझ्या भाषणाला उभं राहून टाळ्या वाजवणारी त्याची बायकोसुद्धा, आणि ती तर भाषणाहून घरी जाऊन.

या गावात कुणाला दिवस गेले तर दुपारपर्यंत बोटीच्या कप्तानाला ठाऊक होतं. आणि हे एवढं गुपित आख्खा हिवाळा टिकलं. माणसं बर्फात पायमोज्यांवर उभी राहिली, पोरांच्या तोंडात बनपाव कोंबले, हलवार्डने धडधाकट जिना तीनदा दुरुस्त केला. कशासाठी, तर मला वाईट वाटू नये म्हणून. गाडीत बसून मी आधी रडले. मग गीदामावशीचा काळा चष्मा आठवला आणि इतकं हसू आलं की गाडी सुरूच करता येईना. पण हसले म्हणून राग गेला असं नाही. आईचं तोंड मी त्या मसाल्याच्या पुडीशेजारी ठेवणार नाही.

२६ मार्च, बुधवार

बेकरीत सगळ्या बायका खाली मान घालून लाटत होत्या. आकार आईचाच, खडूने काढलेला, अगदी काटेकोर. ते बघून मला जास्तच वाईट वाटलं. नाही म्हणायचं तर या सहाजणींना जूनमध्ये घरी पाठवायचं, हे मला दिसत नाही असं थोडंच आहे. उन्हाळ्यात त्यांतल्या चौघींना तालुक्याच्या गावी मासे साफ करायला जावं लागेल आणि गीदामावशीला तर कुणी घेणारही नाही.

जेवणाच्या सुट्टीत गीदामावशीला मागे बोलावलं आणि विचारलं, आईला काय वाटलं असतं सांग. ती पोळपाटावरचं पीठ झाडत राहिली. मग म्हणाली, “बेर्ता दालचिनीची लेफ्सा विकायची, पोरी. खायची नाही.”

मी म्हटलं, काहीतरीच काय.

“गोड तिला चालायचंच नाही. गिऱ्हाइकं गेली की ती तव्यामागे उभी राहायची, लेफ्सेत खारा हेरिंग मासा आणि कच्चा कांदा गुंडाळायची आणि दोन घासांत संपवायची. मलाही द्यायची. रस हातावरून ओघळायचा, तो चाटायची.”

“हे मला आजवर का नाही सांगितलंस?”

“तू कधी विचारलंस? तू येतेस ती सांगतच येतेस.”

आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि दर वाढदिवसाला मी तिच्या थडग्यापाशी दालचिनीच्या लेफ्सेचा तुकडा ठेवत आले. घरी येऊन आईचा फोटो बराच वेळ पाहिला. ती हसतेय असं मला आज पहिल्यांदाच वाटलं, आणि कुणाला हसतेय तेही कळलं. तरी अजून काही ठरवलेलं नाही. हलवार्डला मीठ मागितलं. त्याने दिलं.

२९ मार्च, शनिवार

काल शुक्रवार होता. सिनोवेकडे मी फक्त एवढंच सांगायला गेले होते की माझं अजून ठरलेलं नाही. जेवायला गेले नव्हते, हे नोंदवून ठेवते. दार ठोठावलं. आतली भांड्यांची आदळआपट थांबली, मग हलवार्डने स्वतः दार उघडलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. इंगेबोर्ग होती, तोरगेर आणि त्याची बायको होती, गीदामावशीही होती, चष्म्याशिवाय. सगळे कपाळाला घाम आल्यासारखे बसले होते.

मी सांगून टाकलं की ज्या गोष्टीला नाही म्हणायचं ती निदान चाखलेली असावी, तेव्हा एक खाऊन बघते, अभ्यास म्हणून. कुणी हसलं नाही. पहिली खाल्ली. खिमा फार कोरडा, जिरं इतकं कमी की असून नसल्यासारखं, कांदा तर कुणी घातलाच नव्हता, आणि हे लोक सगळा हिवाळा हेच खात होते. मी उठून कांदा चिरला. पहिल्या वेळी माझं सगळं लक्ष ती फाटतेय का याकडे होतं, चवीकडे नव्हतं, म्हणून दुसरी घ्यावी लागली. फाटली नाही. तिसरी टीरिलने स्वतःच्या हाताने भरून दिली आणि पोरांचं मन मोडू नये. तोवर कोपरापर्यंत ओघळ आला होता तो मी चाटला, आणि गीदामावशीने एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

मग थाळीत एक उरली. आमच्याकडे थाळीतला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. तो तसाच राहतो, वाळतो, सगळे त्याच्याकडे बघत कॉफी पितात आणि पोट भरल्याचं सांगतात. मी स्वतः टीरिलला हे वळण लावलंय. विबेके ओस्लोत फोनपाशी बसली असेल, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सगळे त्या एका लेफ्सेकडे बघत होते. माझ्याकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती.

मी हात लांबवला आणि ती घेतली. खिमा घातला, कांदा जरा जास्तच घातला, साय घातली, गुंडाळली आणि मोठा घास घेतला.

सिनोवेने हळूच फोन उचलला. “आई, ओस्लोला काय सांगू?”

माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसती मान डोलावली.